आत्यांच्या तोंडचा शब्द

आत्या गेल्याचं मला कुणी शब्दांत सांगितलंच नाही. मी आठवीच्या वर्गावर होते, पाठमोरी होऊन फळ्यावर लिहीत होते. मागं एकदम शांतता झाली म्हणून वळले, तर दारात आमच्या खालच्या मजल्यावरच्या शबानाभाभी उभ्या होत्या. दहा वर्षांच्या शेजारात त्या कधी माझ्या शाळेत आल्या नव्हत्या. ओढणी घाईघाईनं घेतलेली, पायांत घरातल्या स्लिपर. "चला टीचर," एवढंच म्हणाल्या. पर्समधला फोन सायलेंटवर होता आणि त्यावर त्यांचे नऊ मिस्ड कॉल होते, हे मला नंतर रिक्षात कळलं. रिक्षाभर त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्या बाहेर बघत होत्या. मी एकच विचारलं, "काही बोलल्या का?" त्या म्हणाल्या, "बोलल्या की. एकदाच." काय बोलल्या ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती... गेले आठ महिने आत्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो शब्द घरात बोलायचा नाही असा नियम त्याआधी मीच केला होता.

त्याला आता सात आठवडे होत आले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मंगळवेढ्याच्या पुढं, काळ्या रानातल्या एका वस्तीवर त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सासरे वारल्यावर, सहा वर्षांपूर्वी, माझा नवरा दत्ता त्यांना सोलापुरात आमच्याकडं घेऊन आला. अक्कलकोट रोडला आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. दिवसभर खटखट असते, आणि तिची इतकी सवय होते की वीज गेली, माग थांबले की माणूस दचकतो. आत्यांचा आवाज त्या खटखटीच्याही वर जायचा. माळावर पांगलेली मेंढरं हाकून हाकून तो तसा झाला होता. आणि त्या आवाजात सगळ्यात जास्त वेळा यायचा तो शब्द म्हणजे 'मुडद्या'. चाळिशीतला दत्ता मुडद्या. पाच वर्षांचा ईशान मुडद्या, नऊ वर्षांची गार्गी मुडदे. दारावर येणारा भाजीवाला, कठड्यावर बसणारा कावळा, न पेटणारा लायटर, सगळे त्याच नावाचे. "मुडदा बशिवला तुजा, न जेवता कुटं चाललास?" हे दत्तासाठी रोजचं सकाळचं वाक्य. तो टेंभुर्णीला एका गोदामाचं काम बघतो. सकाळी सातला निघतो, रात्री जेवायला येतो. हे वाक्य ऐकल्याशिवाय तो निघालाय असं मला आठवत नाही. मला मात्र त्या कधीच तसं म्हणाल्या नाहीत. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी. पहिल्या दिवसापासून मला त्या 'बाई' म्हणत आणि 'तुमी' म्हणून बोलत. माझ्या माहेरी याचं फार कौतुक होतं. मलाही त्यात मान वाटायचा.

मी इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत मराठी शिकवते. इंग्रजी शाळेत मराठीच्या शिक्षकाला आपलं अंग जरा सावरूनच वावरावं लागतं. मुलं घरून रस्त्यावरची भाषा आणतात आणि तिचा दोष आमच्या विषयावर येतो. म्हणून मी शब्दांच्या बाबतीत कडक होते. 'च्यायला' म्हटलं की बाकावर उभं, 'आयला' म्हटलं की वहीत शुद्धलेखनाची दोन पानं. आणि त्याच शाळेच्या बालवर्गात माझा स्वतःचा मुलगा होता. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, स्नेहसंमेलन होऊन आठवडा झाला असेल, मला मधल्या सुट्टीत खाली ऑफिसात बोलावलं. बालवर्गाच्या प्रमुख मॅडम बसल्या होत्या आणि समोर एक आईवडील. त्यांचा मुलगा डबा खात नव्हता. ईशाननं आपल्या डब्यातला पोळीचा तुकडा त्याच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "मुडद्या, खा की." त्या मुलानं घरी जाऊन मुडद्या म्हणजे काय ते विचारलं. महिन्यापूर्वीच त्यांच्या घरात आजोबा गेले होते. पोरगं रात्रभर रडलं... "माझ्या मुलाला हा प्रेत म्हणाला," असं ती आई म्हणाली.

प्रमुख मॅडमना मराठी जेमतेम यायचं. त्यांनी अगदी सरळपणानं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठीच्या. तुम्हीच सांगा. ही शिवी आहे का?"

मला उत्तर येत होतं. खेड्यात हा शब्द आई लेकराला म्हणते, म्हातारी नातवाला म्हणते, त्यात राग नसतो, हे मी पाच वर्षं रोज ऐकत होते. ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण माझे कान तापले होते. त्या आईच्या नजरेत मला माझं घर दिसत होतं, तिनं मनात उभं केलेलं, कसलंसं घर.

"शिवीच आहे," मी म्हणाले. "मी घरी बघते."

संध्याकाळी मी दत्ताला फोनवर सगळं सांगितलं. तो आधी हसला. "अगं, मी त्याच्यावरच वाढलोय. शिवी असती तर मला कधीतरी लागली असती का नाही?" मी म्हटलं, मग तू समजावून सांग त्यांना. तो म्हणाला, "मी नाही सांगणार. तिला काय बोलू नको म्हणायला माझी जीभ वळत नाही." मग ते मीच केलं. आत्या स्वयंपाकघरात परातीपुढं बसल्या होत्या.

"आत्या, मुलांसमोर तो शब्द नको."

"कंचा?"

मला तो उच्चारायला जड गेलं. "तुम्ही पोरांना म्हणता तो."

"मुडद्या व्हय?" त्या हसल्या. "ती काय शिवी हाय का, बाई? शिवी निराळी. शिवी मानूस राग आला की देतं."

"त्याचा अर्थ काय होतो, माहीत आहे ना? पाच वर्षांच्या पोराला सकाळ-संध्याकाळ प्रेत म्हणायचं?"

त्यांचं हसू गेलं. पिठाचे हात तसेच परातीत ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अर्थ म्हाईत हाय की. म्हनून तर म्हनायचं."

याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही. शाळेत झालेली शोभा माझ्या डोक्यात होती. "नको आत्या. या घरात नको." त्या "बरं" म्हणाल्या. "तुमी म्हनतासा तर न्हाय म्हननार." आणि पुन्हा पीठ मळायला लागल्या.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. पहिले काही दिवस गमतीचे गेले. "ए मु..." एवढं यायचं आणि त्या ओठ मिटायच्या. गार्गी खुदकन हसायची. मग "ए मु"सुद्धा यायचं थांबलं. आमचं घर हळूहळू शांत होत गेलं. मार्च लागला, ऊन चढलं, खिडक्यांना ओले पडदे लागले आणि आत्या गप्प गप्प राहायला लागल्या. बोलल्या तरी थांबून थांबून, शब्द शोधून. "पोरी, ते... ते दे... पान्याचं..." तांब्या म्हणायला त्यांना वेळ लागायचा. मला वाटलं, तोंडातून भलतं काही जाऊ नये म्हणून जपून बोलतायत. मी मनातून खूश होते. शाळेत एका मैत्रिणीला म्हणालेसुद्धा, "सासूबाई सुधारल्या गं. या वयात माणूस बदलतं, मला खरं वाटलं नव्हतं." हे वाक्य मी कुठं उभी राहून म्हणाले, हातात काय होतं, ते सगळं मला लख्ख आठवतं. आता तर रोज आठवतं.

मग एकेक गोष्टी व्हायला लागल्या. भाकरी थापताना त्यांच्या उजव्या हातातून निसटायला लागली. इतकी वर्षं भाकरी करणाऱ्या हाताला काय झालं म्हणून त्या बोटांकडं बघत बसायच्या. "मुंग्या येत्यात," म्हणायच्या. मी म्हटलं, उन्हाचं होतं तसं, ताक प्या. त्यांना बीपीची गोळी चालू होती, ती त्या कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या आणि मीही रोज विचारत नव्हते. एकदा गार्गी माझ्याकडं येऊन कुजबुजली, "आई, आज्जीला माझं नाव आठवेना. ती नुसती माझ्याकडं बघत होती." मी म्हटलं, "ती आता विचार करून बोलते. तूही शिक." त्या रविवारी आम्ही अक्कलकोटला दर्शनाला गेलो. मठाबाहेर एक बांगड्यावाली बसते. आत्यांची आणि तिची जुनी ओळख. अर्धं कानडी, अर्धं मराठी अशी त्यांची थट्टा चालायची, आणि पहिला वार नेहमी आत्यांचा असायचा. त्या दिवशी बांगड्यावालीनं लांबूनच हाक मारली, काहीतरी चेष्टा केली. आत्या तिच्यापुढं उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओठाचा एक कोपरा जरासा खाली आला होता... क्षणभरच. बांगड्यावालीचं हसू मावळलं. "एनात अव्वा?" असं तिनं विचारलं, म्हणजे काय झालं, आई. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ऊन लागलंय." घरी येताना एसटीत आत्या पूर्ण वाट डोळे मिटून बसल्या होत्या.

शबानाभाभींनी तर मला सरळच सांगितलं. जिन्यात थांबवून म्हणाल्या, "टीचर, अम्मांची जबान अडकतीय हो. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. मला बरं नाही वाटत. एकदा दाखवून आणा." मी म्हटलं, बघू, पेपर संपू देत. आणि वर जे म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. म्हणाले, "त्यांना मीच सांगितलंय, शिव्या देऊ नका म्हणून. त्यामुळं अडखळतात." शबानाभाभींनी माझ्याकडं बघितलं. "शिव्या? अम्मा कधी शिव्या द्यायच्या?" असं विचारून त्या दार लावून आत गेल्या.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते तेव्हाची एक दुपार आहे. मी गठ्ठा घेऊन जमिनीवर, आत्या समोर शेंगा फोडत. त्या दुपारी त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. तुकड्यातुकड्यांनी. आज मी ते जोडून लिहिते आहे. तेव्हा माझं अर्धं लक्ष पेपरात होतं. दत्ताच्या आधी त्यांना दोन मुलं झाली होती, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "पयल्याला... राजा म्हनत हुते मी. लई... लई ग्वाड पोर. दुसरीला... दुसरीला..." त्यांची बोटं हवेत काहीतरी शोधत राहिली. "सोना. ती बी गेली." मग सासू त्यांना म्हणाली होती की, तू गोड बोलतेस आणि त्याला ऐकू जातं. हे आधीच मेलेलं आहे असं सांग, म्हणजे नेत नाही. "मग दत्तू झाला. पयल्या दिसापासनं... म्हनलं. ऱ्हायला."

"कुणाला ऐकू जातं?" मी पेपरातून वर न बघता विचारलं.

वीज गेली, मागचे माग थांबले आणि घरात एकदम पोकळ शांतता झाली. त्या शांततेत त्या म्हणाल्या, "आता म्हनत न्हाय मी. तुमी न्हाय म्हनलासा. पर... भ्या वाटतं, बाई. पोरांचं."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आत्या, हे सगळं जुनं झालं. आता लसी आहेत, दवाखाने आहेत. आणि सावकाश बोला जरा, किती अडखळताय." असं म्हणून मी पुढचा पेपर घेतला.

मेच्या सुट्टीत ते झालं. मी घरातच होते. सकाळी नऊच्या सुमाराला जळका वास आला म्हणून स्वयंपाकघरात गेले. तव्यावर भाकरी काळी होऊन धुमसत होती. आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या, डाव्या हातात पिठाचा गोळा, उजवा हात लोंबता. त्या भाकरीकडं बघत होत्या, पण भाकरी उलटायची असते हे त्यांना माहीत नसल्यासारख्या. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली. चेहऱ्याची एक बाजू माझी ओळखीची होती, दुसरी नव्हती. मग त्या गुडघ्यातून खाली आल्या, अगदी हळू, बसावं तशा. गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही. तो गार्गीनं केला. शबानाभाभींचे मिस्टर चादरींचा टेम्पो घेऊन निघतच होते. त्यांनी आत्यांना उचलून त्याच टेम्पोत, चादरींच्या गठ्ठ्यांवर निजवलं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं आम्हाला बाहेर बोलावलं. दत्ता टेंभुर्णीहून पोचला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "गेल्या काही महिन्यांत बोलताना अडखळणं, शब्द न सापडणं, हाताला मुंग्या, असं काही होतं का? कधी कधी शरीर आधी सूचना देतं."

"नाही," मी म्हणाले. "तसं काही नाही."

शबानाभाभी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पायांकडं बघायला लागल्या. दत्ताच्या ते लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. डॉक्टरनी "ठीक आहे" म्हणून कागदावर काहीतरी लिहिलं. त्या कागदावर माझं खोटं अजून असेल.

तीन दिवस आत्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दत्ता त्यांना चमच्यानं पाणी पाजत होता. पाणी हनुवटीवर ओघळलं, त्यानं ते पुसलं, आणि आत्या स्पष्ट, खणखणीत म्हणाल्या, "मुडद्या." दत्ता हसला आणि तिथंच रडायला लागला. मी धावत डॉक्टरला बोलावून आणलं, मला वाटलं वाचा परतली. डॉक्टरनी वेगवेगळे प्रश्न विचारले. तुमचं नाव काय? मुडद्या. गाव कोणतं? मुडद्या. हे काय आहे, पेन की चष्मा? मुडद्या. डॉक्टरनी मला बाजूला घेऊन समजावलं. विचार करून बोलायची भाषा जिथं असते ती जागा गेलीय. पण आयुष्यभर तोंडात बसलेलं जे असतं, कुणाचा जप, कुणाचे आकडे, कुणाची शिवी, ते कधी कधी दुसरीकडं शाबूत राहतं. "त्यांचं हे राहिलंय," ते म्हणाले. जरा संकोचून त्यांनी विचारलं, "घरी लहान मुलं आहेत का?"

घरी आणल्यावर दाराजवळच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. मुलांना काय सांगायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगावं लागलं नाही. ईशान पहिल्या संध्याकाळी कॉटपाशी उभा राहिला. आत्यांनी त्याच्याकडं बघून तो शब्द म्हटला आणि तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आज्जीला पाणी पाहिजे." खरंच पाहिजे होतं. पुढं मला कळत गेलं की तो एक शब्द नव्हता. आखूड म्हटला तर दुखतंय, लांबवला तर कुणाला तरी बोलवा, खालच्या पट्टीत म्हटला तर पंखा लाव, आणि वळवून वळवून, जवळजवळ गाण्यासारखा म्हटला तर इकडं ये, बस. मुलांना हे महिन्याभरात पाठ झालं. मला, भाषा शिकवणाऱ्या बाईला, चार महिने लागले. घरातला नियम कुणी उठवला नाही. तो कुणाला आठवलाही नाही.

एकदा शाळेतल्या त्या बालवर्गाच्या मॅडम फळं घेऊन भेटायला आल्या. मी त्यांना काही कल्पना दिली नव्हती. त्या कॉटपाशी वाकल्या, "कशा आहात आजी?" म्हणाल्या, आणि आत्या त्यांच्याकडं टक लावून म्हणाल्या, "मुडद्या." मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना तो शब्द आठवत होता. दारातून ईशान म्हणाला, "बसा म्हणते ती." मॅडम बसल्या. बराच वेळ आत्यांचा हात धरून बसल्या.

ते आठ महिने आम्ही सगळे कशाची तरी वाट बघत जगत होतो. डॉक्टरनी सांगितलं होतं की पुन्हा होऊ शकतं. मी रात्री उठून त्यांचा श्वास बघून यायची. दिवसा वीज जाऊन माग थांबले की हातातलं टाकून खोलीकडं पळायची, जणू तो आवाज बंद पडण्याचा आणि त्यांचा काही संबंध होता. दिवाळीनंतरची एक दुपार आठवते. मी त्यांची वेणी घालत होते. केस फार विरळ झाले होते. त्यांनी डावा हात मागं आणला, चाचपडत माझं मनगट धरलं आणि तो शब्द म्हणाल्या. पाणी नको होतं, पंखा चालू होता, दुखत नसावं. मी समोर येऊन विचारलं, काय पाहिजे आत्या? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत पुन्हा म्हटलं. वळवून वळवून. पोरांना म्हणायच्या तसं... त्यांच्याकडं दुसरा शब्दच नव्हता, हे मला कळतं. लायटरलाही त्यांनी तेच म्हटलं असतं. तरी त्यानंतर मी मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. इतकी वर्षं मिळालेला 'बाई' हा मान कसला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटच्या सकाळी शबानाभाभी त्यांच्याजवळ होत्या. मी शाळेत गेले की रोज त्याच बसायच्या. तेराव्यानंतर मी त्यांना विचारलं, नक्की कसं झालं. त्या म्हणाल्या, अम्मांनी तीन चमचे पेज खाल्ली, मी पायांना तेल लावत होते. त्यांनी एकदम मान वर केली आणि दाराकडं बघून म्हणाल्या. "रागानं नाही, टीचर. दारात लहान लेकरू येऊन उभं राहिलं तर कसं म्हणतो आपण, ये की आत, तसं. मी पण वळून बघितलं." मी विचारलं, कोण होतं? "कुणी नव्हतं. दार बंदच होतं." मग त्यांनी ओढणीनं डोळे पुसले आणि आम्ही दोघी त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

दत्ताला मी सगळं सांगितलं, तेही तेराव्यानंतरच. पाहुणे गेले होते, तो सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मी सांगितलं की झटक्याआधी दोन-अडीच महिने त्या अडखळत होत्या, शबानाभाभींनी सांगितलं होतं, आणि डॉक्टरला मी नाही म्हणाले. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातली घडी पूर्ण केली. म्हणाला, "मला पण कळत होतं. रोज दुपारी फोन करायची ती. आधी दोन वेळा मुडद्या म्हणून मग बोलायला लागायची. नंतर नुसतं हूं, हूं. मी म्हटलं, चला, तुमचं दोघींचं जमलं एकदाचं." तो सतरंजीवर बसला. "घर शांत होतं," तो म्हणाला, "आपल्याला तेवढंच पाहिजे होतं."

ती शिवी होती का? मला आजही नेमकं सांगता येणार नाही. डबा न खाणाऱ्या त्या पोराला तो शब्द लागला होता, हे खरंच आहे, आणि माझ्या वर्गात कुणी तो दुसऱ्याला म्हटला तर मी आजही थांबवीन. पण आता मी आधी विचारीन, तुला हे घरी कोण म्हणतं? त्या दिवशी ऑफिसात मला कुणी हे विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

ऊन पुन्हा चढायला लागलंय. आत्यांची कॉट आम्ही काढून ठेवली. खोलीत गार्गी अभ्यासाला बसते. ईशान आता बालवर्गातून पहिलीत जाईल. रोज संध्याकाळी तो बॅट घेऊन खाली खेळायला निघतो आणि त्या खोलीच्या दारात थांबतो. आत्या कॉटवर असताना तो तिथं थांबायचा, त्या त्याच्याकडं बघून म्हणायच्या, आणि मगच तो जिना उतरायचा. अजून थांबतो. आत बघत नाही, काही विचारत नाही. चप्पल पायात सरकवत, पाच-सहा श्वास घेईपर्यंत उभा राहतो. कुणीतरी काहीतरी म्हणायचं राहिलंय, अशी ती जागा असते. एकदा मी म्हणून बघितलं. माझ्या तोंडातून तो शब्द वहीतल्या शब्दार्थासारखा निघाला. ईशाननं नवलानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तू नको म्हणू, आई." तेव्हापासून मी म्हणत नाही. तो तसाच, काही न ऐकता, खाली उतरतो. 'त्याला ऐकू जातं' असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी गॅस बारीक करते, गॅलरीत येते आणि तो गल्लीत दिसेपर्यंत कठडा धरून उभी राहते. दिसला तरी आत जात नाही.